सूज उतरते, महिन्याभरात परत येते: कुत्र्याचा पंजा आणि माळ्यावरचं ऑक्सिजन मशीन

कुत्र्याचा एकच पंजा सारखा सुजतोय, औषधाने उतरतोय आणि औषध संपलं की पंधरा दिवसांत परत टम्म होतोय, अशांसाठी हे लिहितोय. त्यातही ज्यांना कोणीतरी "ऑक्सिजन थेरपी करून बघा, सुजेवर एकदम भारी" असं सांगितलंय आणि २०२१ साली घेतलेलं कॉन्सन्ट्रेटर, म्हणजे हवेतला ऑक्सिजन वेगळा काढणारं मशीन, घरात धूळ खात पडलंय, त्यांनी प्लग लावायच्या आधी वाचा. मी लावून बसलो होतो.

घर बेळगावजवळ येळ्ळूरला, काम उद्यमबागेत, कारखान्यांच्या वसाहतीत. लेथ, गॅस कटिंग, वेल्डिंग, पडेल ते. म्हणजे ऑक्सिजनच्या सिलिंडरशी रोजचा संबंध, पण लोखंड कापण्यापुरता. कुत्र्याचं नाव तांब्या. आई कारवान, म्हणजे मुधोळ हाउंड म्हणून ज्या जातीचं २००५ साली पोस्टाचं तिकीट निघालं ती. बाप कोण ते राजहंसगडाच्या डोंगरालाच ठाऊक. वजन २२ किलो, पाय काठीसारखे, आणि गडाच्या पायथ्याचा माळ दिसला की हाक ऐकू येत नाही.

काय होत होतं

दिवाळी होऊन गेली होती, भातं कापायला आली होती. एका संध्याकाळी तांब्या तीन पायांवर घरी आला. उजव्या पुढच्या पंजात, मधल्या दोन बोटांच्या बेचक्यात हरभऱ्याएवढा लालबुंद फुगवटा. रात्रभर चाटत बसला. तिसऱ्या दिवशी फुगवटा सुपारीएवढा होऊन फुटला, रक्ताळलेलं पाणी आलं, एक बारीक भोक राहिलं. दवाखान्यात नेला, पाच दिवसांची अँटिबायोटिक मिळाली, सूज गेली.

तीन आठवड्यांनी परत तेच. या वेळी दोन आठवडे गोळ्या. परत गेली, परत आली. तिसऱ्या वेळी दुसरा दवाखाना, तिथे स्टेरॉइडचं इंजेक्शन. दुसऱ्याच दिवशी कुत्रं उड्या मारायला लागलं, घरात सगळे खूश. बाराव्या दिवशी पंजा पुन्हा भाकरीसारखा फुगला.

दवाखान्यांना मी दोष देत नाही. दवाखाना मीच बदलला आणि प्रत्येक वेळी "काल संध्याकाळपासून सुजलंय" एवढंच सांगितलं. आधीच्या गोळ्यांची पाकिटं नेली नाहीत. समोरच्या माणसाला काय कळणार की ही तिसरी खेप आहे? मशीन बिघडून गिऱ्हाईक माझ्याकडे येतं आणि "आधी कोणी उघडलं नव्हतं" म्हणतं, तेव्हा मला किती राग येतो, ते आठवलं.

मधल्या काळात आईचं हळद आणि खोबरेल तेल चालूच होतं. त्याने सूज वाढली असं नाही, पण तांब्या ते चवीने चाटायचा आणि पंजा दिवसभर ओला राहायचा. ओला पंजा म्हणजे जंतूंना आवतण.

मशीन खाली आलं

चौथ्या वेळी पुण्याच्या भाच्याने व्हिडिओ पाठवला. परदेशातला. मोठ्या काचेच्या नळकांड्यात एक लॅब्रॅडॉर निवांत झोपलेला, बाहेर घड्याळासारखे गेज. "मामा, याने इन्फ्लमेशन जातं." मी तेवढ्यात माळ्यावरून पाच लिटरचं कॉन्सन्ट्रेटर खाली काढलं. बाबांसाठी घेतलेलं, त्यांनी तीन आठवडे वापरलं, नंतर साडीत गुंडाळून ठेवलेलं.

मास्क तांब्याने दोन सेकंदांत उडवला. मग मी प्लास्टिकचा मोठा क्रेट आडवा केला, त्यावर पॉलिथिन टाकून तंबू केला, नळी आत सोडली. पाचएक मिनिटं शांत. मग पॉलिथिनवर आतून दव धरायला लागलं. आधी धूसर, मग थेंब, मग थेंबांच्या रेघा खाली उतरायला लागल्या, आणि त्यामागे तांब्याची जीभ हातभर बाहेर. बायको सांजवात लावायला त्याच खोलीत आली, हातात निरांजन. दारातच थांबली आणि म्हणाली, "तुम्ही दुकानात सिलिंडरजवळ विडी ओढू देत नाही की कुणाला. इथं काय चाललंय?"

पॉलिथिन काढलं. त्या एका वाक्यात दोन चुका निघाल्या, आणि तिसरी मला नंतर कळली.

पहिली चूक आगीची. ऑक्सिजन स्वतः जळत नाही, पण तो भरपूर असला की जे एरवी धुमसतं ते भडकतं. केस, कापूस, तेल लावलेलं कापड, सगळंच. निरांजन, उदबत्ती, गॅसची शेगडी असलेल्या खोलीत हे खेळ नकोत.

दुसरी चूक उष्णतेची. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, ते धापून अंग थंड करतं. बंद पिशवीत हवा गरम आणि ओली झाली की धापण्याचा उपयोग संपतो, वर उच्छ्वासातला कार्बन डायऑक्साइड साठतो. सूज उतरवायला बसवलेलं कुत्रं उष्माघाताने जाऊ शकतं. दवाखान्यात ऑक्सिजनचा पिंजरा असतो, त्यात तापमान, ओल आणि कार्बन डायऑक्साइड यांवर लक्ष ठेवण्याची सोय केलेली असते. पॉलिथिनला ती नसते.

तिसरी चूक मुळातलीच: तांब्याला ऑक्सिजन कमी पडतच नव्हता. रक्तातला ऑक्सिजन वाहून नेतं हिमोग्लोबिन. निरोगी कुत्र्यात साध्या हवेवरच ते ९५ टक्क्यांच्या वर भरलेलं असतं. खानापूरची सकाळची बस स्टँडवरूनच भरून निघालीय, एकदोन सीटा रिकाम्या आहेत. पुढच्या स्टॉपवर पन्नास माणसं उभी केली म्हणून बसमध्ये सीटा वाढत नाहीत. नंतर दवाखान्यात तांब्याच्या ओठाला क्लिप लावून मोजलं, आकडा ९८ आला. त्यात मी माझं मशीन लावून काय भर घालणार होतो? शिवाय मशीनच्या नळीतून नव्वद टक्क्यांच्या वर शुद्ध ऑक्सिजन निघत असला तरी नुसती नळी तोंडासमोर धरली की तो खोलीच्या हवेत मिसळतो, कुत्र्याच्या नाकात साधारण २५ ते ४० टक्केच पोचतो.

श्वासाचा त्रास असेल तेव्हा गोष्ट उलटी. न्यूमोनिया, अपघातात छातीला मार, विषबाधा, हिरड्या निळसर पडलेल्या: तिथे हाच साधा ऑक्सिजन जीव वाचवतो, आणि दवाखान्यात पोचेपर्यंत तोंडासमोर धरलेली नळीसुद्धा कामाची. फक्त तेवढ्यासाठी दवाखान्याला उशीर करू नये. पंजाच्या गळवाला त्या नळीचा उपयोग नाही.

मग व्हिडिओतलं नळकांडं काय करतं

इथे दाब येतो. हायपरबेरिक ऑक्सिजन म्हणजे बंद चेंबरमध्ये हवेचा दाब वाढवून आत शंभर टक्के ऑक्सिजन देणं. गोटी सोडा आठवा. बाटलीत दाबाखाली गॅस पाण्यात विरघळलेला असतो, गोटी आत ढकलली की फसफसून बाहेर येतो. रक्तातल्या पाण्याचंही तसंच: दाब जितका जास्त तितका ऑक्सिजन त्यात जास्त विरघळतो. हेन्रीचा नियम म्हणून शाळेत शिकलो होतो, १८०३ सालचा.

साध्या हवेवर १०० मिलिलिटर रक्ताच्या पाण्यात जेमतेम ०.३ मिलिलिटर ऑक्सिजन विरघळलेला असतो. शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण २ मिलिलिटर. दाब हवेच्या दुप्पट केला की ४ च्या आसपास, तिप्पट केला की ६. शरीर विश्रांतीत असताना १०० मिलिलिटर रक्तातून ५ मिलिलिटरच्या आसपास ऑक्सिजन काढून घेतं. म्हणजे तिप्पट दाबाला नुसत्या पाण्यावरही भागतं, हिमोग्लोबिनची बस लागतच नाही. १९६० साली बोरेमा नावाच्या डच सर्जनने हे डुकराच्या पिल्लांवर दाखवलं होतं, त्यांच्या रक्तातल्या तांबड्या पेशी जवळजवळ काढून टाकून.

सुजेला याचा फायदा दोन-तीन वाटांनी होतो. ऑक्सिजन भरपूर झाला की बारीक रक्तवाहिन्या थोड्या आकसतात, त्यामुळे पाझरून साठणारं पाणी कमी होतं, आणि तरीही मांसाला ऑक्सिजन कमी पडत नाही. बर्फानेही वाहिन्या आकसतात, पण तिथे पुरवठाही घटतो. इथे तसं होत नाही, ही यातली खरी गंमत. पांढऱ्या पेशी वाहिन्यांच्या भिंतीला चिकटून जो दंगा करतात तो उतरतो. जंतू मारायला त्याच पेशींना ऑक्सिजन लागतो, तो मिळतो. आणि बऱ्याच बैठका झाल्या की जखमेच्या कडेने नवीन बारीक वाहिन्या फुटतात. म्हणून भाजलेली जागा, चिरडलेला पाय, न भरणारी जखम अशा ठिकाणी इतर उपचारांच्या जोडीला हे वापरतात.

एक बैठक तासा-दीड तासाची, दाब कुत्र्यांसाठी साधारण हवेच्या दीड ते दोनपट, आणि एका बैठकीत भागत नाही. माणसांवरच्या काही आजारांत याचा पुरावा पक्का आहे. कुत्र्यांवर नीट तुलना करून केलेले अभ्यास फार थोडे. जास्त भर डॉक्टरांच्या अनुभवावर आणि एकेकट्या केसवर. कोणी "शंभर टक्के गुण" म्हणून पॅकेज विकत असेल तर मागे फिरा.

छातीत हवा साठलेली असेल, म्हणजे फुप्फुसाबाहेर हवा निघून अडकलेली असेल आणि त्यावर उपाय झालेला नसेल, तर चेंबरमध्ये घालायचंच नाही. दाब उतरताना ती हवा फुगते. फिट येणारं कुत्रं, फुप्फुसाचा आजार, कानाचं दुखणं, हे आधी सांगायचं. विमानात आपल्या कानात दडे बसतात तसे कुत्र्याच्याही बसतात, फक्त त्याला गिळून कान मोकळे करायला सांगता येत नाही.

आणि तेल. गॅस कटिंग करणाऱ्या पोराला पहिल्या दिवशी शिकवतात: ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, व्हॉल्व्हला तेल, ग्रीस, तेलकट हात लावायचा नाही. दाबाखालच्या शुद्ध ऑक्सिजनमध्ये तेल ठिणगीशिवायही पेट घेऊ शकतं. चेंबरलाही तोच नियम. पंजावर खोबरेल तेल, करंजेल, व्हॅसलिनसारखं मलम, गोचिडाचा पट्टा, नायलॉनचा गळपट्टा यांतलं काहीही अंगावर ठेवून कुत्रं आत जात नाही. आईची हळद-तेलाची पट्टी बांधलेला तांब्या त्या नळकांड्यात गेला असता तर, हा विचार करून माझ्या पोटात गोळा आला.

आप्पांची टाकी

हे इथेच थांबलं नाही. दुकानात आमचे आप्पा, वयाने मोठे, हाताने सोनं. त्यांना व्हिडिओ दाखवला. ते म्हणाले, "अरे मागं ती जुनी कॉम्प्रेसरची टाकी पडलीय की. एक दार काढूया, एक काच बसवूया. दुप्पट दाब म्हणजे गेजवर एक किलो. तुझ्या गाडीच्या चाकात दोन किलो असतंय."

ऐकायला बरोबर. मी खडू घेऊन जमिनीवर मांडलं. कुत्रं आत जायला दार ६० सेंटिमीटर व्यासाचं तरी हवं. त्याचं क्षेत्रफळ २८०० चौरस सेंटिमीटरच्या वर. दर चौरस सेंटिमीटरला एक किलो, म्हणजे दारावर २८०० किलोचा जोर. दोन मारुती ८०० एकावर एक ठेवल्या तरी तेवढ्या भरणार नाहीत. वेल्डिंगचा एक टाका सुटला तर दार भिंत फोडून जाईल, आणि आतला दाब एकदम उतरला की कुत्र्याची फुप्फुसं फाटतील. त्यात टाकीच्या आत वर्षानुवर्षांचं कॉम्प्रेसरचं तेल, आणि दुकानातला ऑक्सिजन कटिंगचा. दवाखान्याच्या सिलिंडरचा खांदा पांढरा रंगवलेला असतो, तो भरण्याचे, तपासण्याचे नियमच वेगळे. आप्पांनी खडूचा आकडा बघितला, चप्पलने पुसला आणि चहा सांगितला.

मऊ पिशवीसारखे चेंबरही विकायला असतात, त्यात बहुतेक वेळा साधी हवाच १.३ पट दाबाने भरतात. हिशेब करा: २१ टक्क्यांना १.३ ने गुणलं तर २७. म्हणजे २७ टक्के ऑक्सिजन साध्या दाबाला घेतल्यासारखं. एवढ्यासाठी कुत्र्याला पिशवीत कोंडायचं?

मूळ सापडलं ते मोबाइलमध्ये

शेवटी बेळगावात तिसऱ्या दवाखान्यात गेलो. या वेळी सगळी पाकिटं घेऊन. बाहेर बाकावर बसलो असताना मुलगी माझ्या मोबाइलमध्ये तांब्याचे फोटो बघत होती. दर वेळी सुजला की मी भाच्याला फोटो पाठवायचो, ते चारही होते. तिने एकामागून एक सरकवले आणि म्हणाली, "पप्पा, हे तेच भोक हाय की."

खरंच. तोच पाय, तीच बेचकी, नखाच्या मुळापासून तेवढ्याच अंतरावर. तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोटो बघितले आणि पहिला प्रश्न विचारला: हा माळावर पळतो का? दुसरा: पहिल्यांदा सुजला तेव्हा गवत वाळलं होतं का?

कुसळ. आपल्याकडच्या माळावर कुसळी गवत कार्तिकात वाळायला लागतं, हे लहान पोरालाही माहीत. पायजम्याला चिकटून येतात तीच. एक हातात घेऊन नीट बघा. टोकाला सुईसारखी तांबूस नांगी, तिच्यावर मागच्या दिशेला वळलेले ताठ केस, आणि मागे लांब काळसर शेपटी, दोरीसारखी पिळलेली. ओल लागली की पीळ सुटतो, वाळली की पुन्हा पडतो, आणि या फिरण्याने बी स्वतःच गिरमिटासारखं जमिनीत शिरतं. उलटे केस त्याला मागे येऊ देत नाहीत. जमीन कुठली आणि कातडी कुठली, हे त्याला कळत नाही. बोटांच्या बेचकीत शिरलं, शेपटी मोडून पडली की बाहेरून काही दिसत नाही, आणि नांगी पावलागणिक वर सरकत राहते.

अँटिबायोटिकने जंतू मरतात, सूज उतरते, पण कुसळ तिथेच, अंगावर नवे जंतू घेऊन. स्टेरॉइडने तर शरीराची कुरकुरच बंद होते, दुखणं तसंच. चेंबरमध्ये दहा वेळा घातलं असतं तरी पंजा बारीक झाला असता, मी पेढे वाटले असते, आणि महिन्याने तेच. शरीराला कुसळ विरघळवता येत नाही. ते बाहेर काढावं लागतं, नाहीतर ते आपलं आपण कुठूनतरी निघायची वाट बघावी लागते. कधी कधी ते मनगटाच्याही वर जाऊन निघतं.

एक्स-रे काढला, त्यात काही नाही. मॅडम म्हणाल्या ते अपेक्षितच आहे: काच, खडा, तार दिसते, वाळलेलं गवत एक्स-रेत दिसत नाही. सोनोग्राफीत कधी कधी दिसतं. दोन दिवसांनी गुंगी देऊन भोक उघडलं. मला आत उभं राहू दिलं. तांब्या झोपेतही पाय ओढायचा, तेव्हा मॅडम त्याच्याशी कन्नडमध्ये बोलायच्या, "स्वल्प तडी मरी, स्वल्प तडी." म्हणजे थोडं थांब पिल्ला. पायाला वरती पट्टा आवळलेला, म्हणजे रक्त येऊन जागा झाकत नाही. भोकातून सलाईन सोडून वाट कुठे जाते ते आधी बघितलं. ती बोटाकडे न जाता वर, मनगटाकडे जात होती. बारीक चिमटा आत गेला, रिकामा आला. गेला, रिकामा आला. पाचव्या-सहाव्या वेळी चिमट्याच्या तोंडात भिजलेल्या काडीसारखं काहीतरी तपकिरी. भोकापासून दोन बोटं वर होतं.

इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत घालून ते दुकानात नेलं. आप्पांनी व्हर्नियरने मोजलं, ११ मिलिमीटर. "एवढ्यासाठी टाकी करायला निघालो होतो की रे."

तुमच्याकडे कुसळ नसेल तर

दर वेळची सूज कुठे येते ते आधी लिहून ठेवा, फोटो तारखेसकट. जागा हीच अर्धी तपासणी. एकच जागा, एकच भोक असेल तर आत काहीतरी आहे असं धरूनच डॉक्टरांशी बोला, स्पष्ट विचारा, "आत काही अडकलं असेल का?"

चारही पंजे लाल, पावसाळ्यात जास्त, चाटून केस तांबूस झालेले, बोटांत आंबूस वास: ते बहुधा ॲलर्जी, बुरशी किंवा कातडीतले किडे. कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघावी लागते. तिथे चिमट्याचं काम नाही.

सूज आज या पायाच्या सांध्यात, परवा दुसऱ्या, सोबत ताप, जेवण बंद, कधी नाकातून रक्त: गोचीड तापाची शंका घ्या. हे आपल्याकडे फार. रक्त तपासून प्लेटलेट बघतात. यातलं डॉक्सिसायक्लिन हे अँटिबायोटिक साधारण २८ दिवस द्यावं लागतं, आणि कुत्रं चौथ्या दिवशी जेवायला लागतं म्हणून लोक दहाव्या दिवशी बंद करतात. मग "परत आला" म्हणतात. तो बऱ्याचदा गेलेलाच नसतो. शिवाय तपकिरी गोचीड अंडी कुत्र्यावर घालत नाही, भिंतीच्या भेगेत, दाराच्या चौकटीत घालते, एकेक मादी हजारोंनी. कुत्र्याला औषध आणि गोठ्याला, भिंतीला काहीच नाही, असं केलं तर ताप पुन्हा दारात उभा.

डोळ्याखाली गालावर सूज येते, फुटते, भरते, दोन महिन्यांनी परत: डोळ्याकडे बघू नका, तोंड उघडा. वरच्या जबड्यातल्या मोठ्या दाढेचं मूळ बरोबर तिथे असतं. दाढ तडकली, मूळ पिकलं की पू डोळ्याखाली निघतो. हाडं चघळणाऱ्या कुत्र्यांत हे खूप. दाढ काढली की कायमचं जातं, गोळ्यांनी जात नाही.

घरातली माणसांची दुखण्याची गोळी कुठल्याच सुजेवर देऊ नका. आयब्युप्रोफेन, डायक्लोफेनॅक यांनी कुत्र्याच्या पोटात जखमा होतात, किडनी बसते. आणि स्टेरॉइड चालू असताना मेलॉक्सिकॅमसारखं सूज-दुखण्यावरचं औषध सोबत पडू नये. दवाखाना बदलला की हीच चूक होते, म्हणून पाकिटं न्या.

काढल्यानंतर

तांब्याला तीन दिवस पट्टी, मग उघडं. एक लिटर उकळून कोमट केलेल्या पाण्यात चहाचे दोन सपाट चमचे मीठ, त्यात दिवसातून दोनदा पाच मिनिटं पंजा बुडवून नंतर बोटांमधून कोरडा पुसणं. तेल नाही. आई दोन दिवस रुसली, मग स्वतःच टॉवेल घेऊन बसायला लागली. चाटू नये म्हणून गळ्यात जुन्या बादलीचं बूड कापून घातलं, कडेला सायकलची ट्यूब चिरून लावली म्हणजे मान कापत नाही. दहा दिवस त्या बादलीने त्याने घरातल्या सगळ्यांच्या पोटऱ्या फोडल्या. दहा-बारा दिवसांनीही भोकातून पाणी येत राहिलं असतं तर दुसरा तुकडा आत असू शकतो, असं मॅडमनी बजावलं होतं. आलं नाही.

मशीन पुन्हा माळ्यावर नाही गेलं. फिल्टर धुतला, महिन्यातून एकदा अर्धा तास चालवून ठेवतो; गल्लीत कोणाला डॉक्टरांनी सांगितलं तर घेऊन जा म्हटलंय.

तांब्याला माळावर जाऊ न देणं शक्य नाही, ते कुत्रं त्यासाठीच जन्मलंय. म्हणून गवत वाळलं की बोटांमधले केस कात्रीने बारीक करून ठेवतो, आणि पळून आला की दाराबाहेरच बसवून बोटांच्या बेचक्या, काखा, कानाची आतली बाजू, डोळ्याचे कोपरे बघतो. आईची उवांची बारीक दातांची फणी यासाठी लाखमोलाची. काल सात निघाली, सगळी वरवरच्या केसांतच.